आतकूरचा शिलालेख: एका शिकारी कुत्र्याचें स्मारक

वीरगळ म्हटला कीं रणांत किंवा गाईंच्या रक्षणार्थ पडलेल्या पुरुषाचें स्मारक, अशी आपली सामान्य समजूत असते. असे दगड महाराष्ट्रांत व कर्नाटकांत गांवोगांव आहेत; पण आपल्याकडील बहुतेकांवर अक्षर नाहीं. मंड्या जिल्ह्यांतील आतकूर येथें सांपडलेली व बंगळूरच्या सरकारी वस्तुसंग्रहालयांत ठेविलेली शिला दोन्ही बाबतींत निराळी आहे. ती एका कुत्र्यासाठीं उभारली गेली, आणि तिजवर जुन्या कानडींत सविस्तर लेख आहे. राष्ट्रकूटांचा इतिहास लिहिणारास हा लेख टाळून पुढें जातां येत नाहीं.

लेखांत शके ८७२, सौम्य संवत्सर असा काळ दिला आहे. सौम्य हा शके ८७१ गत, म्हणजे ८७२ वर्तमान या वर्षीं येतो. तेव्हां इसवी सन ९४९-५० हें वर्ष निश्चित होतें. येथें ८७२ हा गत शक धरल्यास लेख एक वर्ष पुढें सरकतो, व त्यावर बसविलेल्या तक्कोलमच्या लढाईच्या काळासही धक्का बसतो.

हकीकत अशी. राष्ट्रकूट कृष्ण तिसरा, लेखांतील कन्नरदेव, चोल राजादित्यावर चालून गेला. तक्कोलम येथें त्याचा मेहुणा गंग बूतुग यानें राजादित्यास मारलें, व त्याबद्दल बनवासी १२०००, बेळवोल ३००, पुरिगेरे ३००, किसुकाड ७० व बागेनाड ७० हे प्रांत मिळविले. बूतुगाचा सेवक मणलेर हाही शूर. धनी प्रसन्न होऊन ‘काय हवें तें माग’ म्हणाला, तेव्हां या गृहस्थानें मागितलें काय, तर धन्याचें ‘काळि’ नांवाचें कुत्रें! पुढें बेळतूरच्या डोंगरावर तें एका मोठ्या रानडुकरावर सोडलें गेलें, आणि झुंजतां झुंजतां दोन्ही जनावरें मेलीं. आतकूरच्या चल्लेश्वर देवळापुढें शिला उभी राहिली. तिजवर कुत्रें व डुक्कर यांची झुंज कोरलेली आहे. शिलेच्या पूजेसाठीं जमीनही तोडून दिली.

दानलेखाच्या शेवटीं साठ हजार वर्षें विष्ठेंतील कृमि होण्याचा ठराविक शाप आपल्या परिचयाचा आहे. येथें शाप प्रसंगाला साजेसा आहे: शिलेची पूजा केल्यावांचून जो पुजारी जेवील त्यास कुत्र्यानें केलेलें पाप लागावें. जन्मभर शिकार केलेल्या प्राण्याचें पाप म्हणजे थोडेंथोडकें नव्हे. रायगडावरील वाघ्याच्या समाधीविषयीं आपल्यांत जो वाद होतो तो समकालीन पुराव्यासंबंधीं आहे. आतकूरास काळ, धनी, कुत्र्याचें नांव व इनाम हीं सर्व दगडावरच आहेत.

मात्र दगड बोलका असला तरी वाचणाराची चूक व्हावयाची ती होतेच. राजादित्याचा वध सांगणाऱ्या वाक्यांत ‘बिसुगे’ व ‘कळन्’ हे दोन शब्द आहेत. प्रथम त्यांवरून बूतुगानें दग्यानें घात केला असा अर्थ काढण्यांत आला. ‘कळ्ळन्’ म्हणजे चोर, परंतु ‘कळन्’ म्हणजे रणभूमि. आणि ‘बिसुगे’ म्हणजे हत्तीवरील हौदा. पुढें फ्लीटसाहेबांनीं जो अर्थ दिला तो असा, कीं बूतुगानें हौदा हीच रणभूमि करून राजादित्यास मारलें. प्रतिपक्षाचा पुरावाही याच बाजूचा आहे. चोलांचा लायडन येथील मोठा ताम्रपट वधाचें श्रेय कृष्णराजाच्या बाणांस देतो खरें, पण राजादित्य हत्तीवर बसलेला असतांनाच पडला असें सांगतो. दग्याचा त्यांत उच्चार नाहीं. शत्रूस असा आरोप सोडून देण्याचें कांहींच कारण नव्हतें.

बूतुगावरील विश्वासघाताचा कलंक अशा रीतीनें एका व्यंजनाच्या द्वित्वावर टेकलेला होता. जुनें भाषांतर अद्यापि छापील ग्रंथांत उतरलेलें आढळण्याचा संभव आहे. तरी या लेखाचा आधार घेणारानें तें भाषांतर दुरुस्तीच्या पूर्वींचें कीं नंतरचें, एवढें पाहून घ्यावें.