जॅझ-फंकच्या मैफलीला जाताय? आधी 'सम' शोधा

कोरेगाव पार्कात 'लाइव्ह जॅझ-फंक फ्यूजन'चं पोस्टर दिसतं, मित्र तिकिटं काढतो आणि अर्ध्या तासाने आपल्याला प्रश्न पडतात. गायक कुठे आहे? गाणं संपलं की सुरूच आहे? टाळी कधी वाजवायची? ताल-ठेका ऐकत वाढलेल्या पुणेकराला हे प्रकरण वाटतं तेवढं परकं नाही.

नेमकं काय वाजतं?

जॅझमध्ये आधी सगळे मिळून एक धून वाजवतात. मग एकेक वादक त्या धुनेच्या चौकटीत तिथल्या तिथे सुचेल ते वाजवतो आणि शेवटी सगळे मूळ धुनेवर परततात. बंदिशीचा मुखडा आठवा, अंदाज येईल.

फंक आलं ते १९६०च्या दशकात, अमेरिकेतल्या जेम्स ब्राऊनकडून. त्याचा वादकांकडे एकच हट्ट असायचा: पहिल्या मात्रेवर जोर द्या. बाकी काहीही करा, पण 'एक'वर सगळे एकत्र या. आपण याला सम म्हणतो.

माइल्स डेव्हिस, हर्बी हॅनकॉक यांच्यासारख्या जॅझवाल्यांनी विजेवरची वाद्यं घेऊन या दोन्हींची सांगड घातली. हॅनकॉकचा १९७३चा 'हेड हंटर्स' हा त्यातला गाजलेला अल्बम. त्यातली 'कमेलियन' ही रचना पंधरा मिनिटांहून लांब आहे आणि तिचा मोठा भाग दोनच कॉर्डवर फिरतो. एरवी जॅझमध्ये कॉर्ड भराभर बदलतात आणि नवख्याची दमछाक होते. फंकमध्ये पायाखालची जमीन स्थिर राहते. रागसंगीताची सवय असलेल्या कानाला म्हणूनच ते लवकर रुचतं, असं मला वाटतं.

टाळी कधी?

मनात एक-दोन-तीन-चार मोजा. ड्रमचा कडक आवाज बहुतेक वेळा दोन आणि चारवर येतो, बेस गिटार 'एक' पकडून ठेवते. एकदा हा 'एक' सापडला की ड्रमर कितीही आडवातिडवा गेला तरी तुम्ही हरवत नाही. चार-चार आवर्तनं वाटून घेऊन दोन वादक एकमेकांना उत्तरं देऊ लागले, तर तो सरळ सवाल-जवाब समजा. एकाचा सोलो संपला की बँड वाजत असतानाच टाळ्या पडतात. गाणं थांबायची वाट बघू नका.

आणि हा मेळ एकतर्फी नाही. माइल्स डेव्हिसच्या १९७२च्या 'ऑन द कॉर्नर'मध्ये बादल रॉय यांचा तबला आहे. मुंबईत वाढलेले त्रिलोक गुर्टू तबला आणि ड्रम एकाच मांडणीत वाजवतात. त्यांच्या १९८८च्या 'उसफ्रेट'मध्ये त्यांच्या आई शोभा गुर्टू गायल्या आहेत. होय, त्याच, ठुमरीवाल्या. त्याही आधी, १९५१च्या 'अलबेला'त सी. रामचंद्र यांच्या साथीला चिक चॉकलेट हे गोव्याचे जॅझ ट्रम्पेटवादक होते. मुंबईत १९७८ मध्ये 'जॅझ यात्रा' सुरू झाली. पुण्यात एबीसी फार्म्समधल्या शिशा जॅझ कॅफेने अनेकांना या संगीताची गोडी लावली, तर 'एनएच७ वीकेंडर'ची सुरुवातच २०१० मध्ये पुण्यातून झाली.

अडतं कुठे?

अडतं ते ऐकण्यात. परवा एका कॅफेत बेसचा सोलो सुरू होता, अगदी हलका, आणि शेजारच्या टेबलावर केक कापून 'हॅपी बर्थडे' सुरू झालं. बेसवाल्याने चार सुरांत सोलो आटोपला. त्याला तरी काय करता येणार होतं? हे संगीत आधी लिहून आणलेलं नसतं, समोरचे ऐकताहेत की नाहीत यावर त्याची लांबी ठरते. लोक जेवणात गुंग असले की बँड ओळखीच्या सिनेगीतांवर उतरतो आणि पुढच्या महिन्यात त्याच जागी 'बॉलिवूड नाइट'चं पोस्टर लागतं.

दुसरी गोष्ट वेळेची. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार मोकळ्या जागेत रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद. वर्षातल्या काही ठरावीक दिवशी सरकार बारापर्यंत मुभा देऊ शकतं, बंदिस्त सभागृहांना वेगळी सवलत आहे. रात्रभर रंगणारा 'सवाई' याच नियमामुळे आटोपशीर झाला. त्यामुळे लॉनवरचा कार्यक्रम असेल आणि तुम्ही नऊला पोहोचलात, तर निम्मा गेलाच.

बसायचं कुठे? साउंडवाल्याच्या टेबलाजवळ. तो स्वतःच्या कानाला जे ऐकू येतं त्यावरच आवाज जुळवतो, मग आपणही तेच ऐकावं. कोपरा टाळा, तिथे बेस साचतो आणि बाकी सगळं त्याखाली दबतं. (इंजिनिअरिंगची चार वर्षं अगदीच वाया गेली नाहीत.)

जाण्याआधी 'कमेलियन' हेडफोनवर लावा आणि फक्त सुरुवातीची बेसची ओळ पकडायचा प्रयत्न करा. ती बेस गिटार नाही, हॅनकॉकने सिंथेसायझरवर वाजवली आहे. स्वारगेटहून निघालात तर कोरेगाव पार्कात पोहोचेपर्यंत रचना दोनदा सहज ऐकून होईल.