ई-मेल अडतो कोठे?

शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या सीमेवरून भीमा वाहते. मात्र मांडवगण फराटा येथून दौंडला धाडलेला ई-मेल नदी ओलांडून सरळ पलीकडे जात नाही. तो प्रथम दूरच्या सर्व्हरकडे जातो आणि दौंडचे कार्यालय तो तेथून उतरवून घेते. या मार्गावर पहिल्याच टप्प्यात खंड पडला, तर ग्रामसभेचा ठराव ‘आउटबॉक्स’मध्येच पडून राहतो आणि मुदत टळते.

आउटलुक, थंडरबर्ड यांसारख्या प्रोग्रामने टपाल हाताळणाऱ्या कार्यालयांत ‘सर्व्हरशी संपर्क होत नाही’ ही सूचना उमटताच पासवर्ड बदलण्याची घाई होते. ती बहुधा अनाठायी असते. संपर्कच झाला नसेल, तर पासवर्ड सर्व्हरपर्यंत पोचलेलाच नसतो!

प्रथम एखादे संकेतस्थळ उघडते काय, हे पाहावे. न उघडल्यास दोष राऊटरचा वा लाइनचा समजावा. उघडत असेल, तर तेच टपालखाते ब्राउझरमध्ये उघडावे. तेथे ते सुरळीत चालले, तर सर्व्हर ठीक असून दोष प्रोग्रामच्या मांडणीत किंवा वाटेतील अटकावात आहे. संगणक घटकाभर मोबाईलच्या इंटरनेटवर जोडून टपाल गेले, तर कार्यालयाच्या जोडणीतच अटकाव आहे, हे उघड होते.

येणाऱ्या आणि जाणाऱ्या टपालाची दारे निरनिराळी असतात, हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. या दारांना ‘पोर्ट’ म्हणतात. आयमॅप पद्धतीने टपाल सामान्यतः ९९३ क्रमांकाच्या पोर्टवरून येते, तर ४६५ किंवा ५८७ वरून जाते. त्यामुळे पत्रे येत राहतात, पण जात नाहीत, असे घडू शकते. जुन्या मांडणीत जाणाऱ्या टपालासाठी २५ हा क्रमांक आढळतो. निरर्थक टपालाला आळा घालण्यासाठी अनेक इंटरनेट कंपन्या तो बंद ठेवतात.

संगणकाच्या तारखेकडेही लक्ष द्यावे. आतील लहान बॅटरी संपलेली असल्यास वीज जाऊन आल्यावर तारीख काही वर्षे मागे जाते. मग सर्व्हरचे सुरक्षा-प्रमाणपत्र संगणकास अवैध वाटते आणि तो जोडणी नाकारतो. तारीख सुधारताच काम होते. बॅटरी मात्र बदलावी लागते.

सर्व्हरने पासवर्डच नाकारला, तर ती बाब निराळी. गूगलने २०२२ मध्ये व्यक्तिगत खात्यांसाठी बाहेरील प्रोग्राममध्ये नेहमीचा पासवर्ड चालविणे बंद केले. तेव्हापासून गूगलमार्फत प्रवेश किंवा स्वतंत्र ‘ॲप पासवर्ड’ लागतो.

तंत्रज्ञास दूरध्वनी करताना ‘मेल बंद आहे’ एवढेच न सांगता पडद्यावरील वाक्य जसेच्या तसे वाचून दाखवावे. तोवर तातडीचे पत्र ब्राउझरमधून धाडून त्याची पोच मागवावी.