वस्त्रगाळ चूर्ण आणि आजीची कॅप्सूल

हिरड्यात खारट सोडून पाचही रस असतात, असे आयुर्वेद सांगतो. माझ्या आजीला त्यातला तुरट तेवढा कळतो. वैद्यांनी तिला रात्री तीन ग्रॅम त्रिफळा चूर्ण सांगितले आहे. "घशाखाली उतरंना गं," म्हणून ती पुडी उशाखाली सारते. तेव्हा चूर्ण कॅप्सूलमध्ये भरण्याचे काम घरात शिकलेली म्हणून माझ्याकडे आले.

पहिली अडचण धर्माची. नेहमीची कॅप्सूल जिलेटिनची, म्हणजे जनावरांच्या हाडांची व कातड्याची. आजी माळकरी! वनस्पतीच्या सेल्युलोजपासून केलेल्या कॅप्सूलही मिळतात, त्या आणल्या. आमच्या मावळच्या पावसाळ्यात त्यांचा आणखी एक उपयोग आहे. जिलेटिनच्या कवचात मुळातच तेरा ते सोळा टक्के पाणी असते, दमट हवेत ते मऊ पडून एकमेकांना चिकटते. सेल्युलोजच्या कवचात पाणी बरेच कमी असते. तरीही लोणावळ्याकडच्या आषाढात डबा घट्ट झाकणाचाच हवा, कारण चूर्ण स्वतःच ओल ओढते.

कॅप्सूलचे आकडे उलटे चालतात: आकडा मोठा, तर कॅप्सूल लहान. शून्य नंबरात ०.६८ मिलिलिटर मावते.

आता खरी गंमत. चूर्ण जितके बारीक, तितके भरायला नाठाळ. रवा हातातून ओघळतो, मैदा ओघळत नाही, हे स्वयंपाकघरात सर्वांनी पाहिले आहे. कण बारीक झाला की वजनाच्या मानाने त्याचा पृष्ठभाग वाढतो, कण एकमेकांना धरून बसतात आणि मध्ये हवा कोंडते. वस्त्रगाळ चूर्ण म्हणूनच वरून भरलेले दिसते आणि आत पोकळ असते. थोडे भरावे, फळी टेबलावर आपटावी, सपाट काडीने हलकेच दाबावे, पुन्हा भरावे. नाकातोंडाला फडके बांधावे. ही धूळ फार खोकवते.

अंदाजावर मात्र विसंबू नये. मिलिलिटरला ०.६ ग्रॅम चूर्ण धरले, तर एका कॅप्सूलमध्ये जेमतेम ०.४ ग्रॅम जाते. म्हणजे तीन ग्रॅमला सात-आठ कॅप्सूल! दोन घेऊन "औषध लागू पडत नाही" म्हणणाऱ्यांनी हा हिशेब करावा. शंभर रिकाम्या आणि शंभर भरलेल्या कॅप्सूलचे वजन करून वजाबाकी केली, की सरासरी कळते. लोणावळ्यात १९२४ साली स्थापन झालेल्या कैवल्यधामात योगक्रियांचे परिणामदेखील यंत्रांनी मोजले गेले. मग चूर्ण तरी का मोजू नये?

आजी बसून, पेलाभर पाण्याबरोबर एकेक गिळते. आडवे पडून गिळल्यास कॅप्सूल अन्ननलिकेत चिकटू शकते.

शेजारच्या काकूंनी परवा शंभर कॅप्सूलचे पैसे देऊ केले. विकण्यासाठी औषध बनवायचे तर १९४० च्या औषध कायद्याखाली परवाना लागतो, आणि काकूंची प्रकृती मला काय ठाऊक? पैसे परत केले. त्यांनी आणलेले हिरडे मात्र कुटून, वस्त्रगाळ करून दिले.