मूल होत नाही तेव्हा (भाग ४) : बियाण्यालाही शेत लागतं

मागच्या भागात वीर्यतपासणीचा कागद कसा वाचायचा ते पाहिलं. त्यावर शुक्राणूंच्या रकान्यात शून्य असेल तर पुढे काय, हे आज पाहू.

उंबरमाळीच्या परिसरात भातशेती कशी होते ते सांगावं लागत नाही. राब भाजायचा, दाणे पेरायचे, आवण तयार झालं की रोपं काढून चिखलात लावायची. बी चांगलं असलं तरी शेताशिवाय पीक नाही. मुलाच्या बाबतीत मात्र आपण म्हणतो, पुरुष बी आणि बाई शेत. उगवलं नाही तर दोष शेताचा. म्हणून सुनेची तपासणी आधी, मुलाची शेवटी.

प्रत्यक्षात पुरुषाच्या अंगातही एक शेत असतं. वृषणात केसासारख्या बारीक नळ्यांची गुंतवळ असते. नळीच्या कडेला मूळपेशी बसलेल्या असतात. सर्टोली नावाच्या पेशी त्यांना पोसतात, ४६ गुणसूत्रांची २३ होईपर्यंत सांभाळतात. एक शुक्राणू तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात, तेही शरीरापेक्षा दोन-चार अंशांनी थंड जागेत. आजच्या तापाचा परिणाम काही आठवड्यांनी दिसतो तो म्हणूनच; डॉक्टर तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी सांगतात तेही म्हणूनच.

शून्य दोन तऱ्हेचं असतं. पीक आहे पण वाट अडली असेल, तर सुईने शुक्राणू काढून इक्सी करता येतं. एकच शुक्राणू थेट बीजांडात सोडण्याच्या या पद्धतीने झालेल्या मुलांची नोंद १९९२ साली ब्रुसेल्सच्या डॉक्टरांनी केली. पीकच नसेल, तर प्रयोगशाळेकडे पाहावं लागतं.

२०११ साली जपानमध्ये असं पीक काढण्याच्या प्रयत्नांना दोन वाटांनी यश आलं. योकोहामात ताकेहिको ओगावांच्या गटाने नवजात उंदराच्या वृषणाचे तुकडे जेलीच्या ठोकळ्यावर, अर्धे पोषकद्रवात आणि अर्धे हवेत ठेवले. त्यात शुक्राणू तयार झाले, त्यांपासून पिल्लं झाली, त्या पिल्लांनाही पिल्लं झाली. म्हणजे ढेकळासकट शेतच उचलून आणलं. क्योटोत मितिनोरी साइतोउ यांच्या गटाने मूळपेशींपासून बीजपेशींची रोपं बनवली, पण लावणी उंदराच्या वृषणातच करावी लागली. आवण प्रयोगशाळेतलं, शेत शरीरातलं.

माणसाचं घोडं इथेच अडलंय. त्याचं शेत बाटलीत अडीच महिने जिवंत ठेवणं अवघड. २००९ साली न्यूकॅसलहून मानवी शुक्राणू बनवल्याचा दावा झाला. उसन्या मजकुरामुळे तो शोधनिबंधच मागे घ्यावा लागला. मूळपेशीपासून प्रयोगशाळेत बनवलेल्या मानवी शुक्राणूपासून मूल जन्मल्याची नोंद आजवर नाही. तेव्हा कोणी 'लॅबमध्ये तयार करून देतो' म्हणालं, तर पैसे काढू नका. २०२१च्या कायद्याने इक्सीसारखे उपचार करणाऱ्या प्रत्येक केंद्राला नोंदणी सक्तीची आहे. नोंदणीचा कागद आधी मागा.

नाउमेद होण्याचंही कारण नाही. कसारा लोकलने दादर गाठलं की परळ जवळच. तिथे केईएम रुग्णालयाच्या डॉ. इंदिरा हिंदुजा आणि शेजारच्या प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. कधीकाळी तेही अशक्यच वाटत होतं.

प्रयोगशाळेतलं यश माणसापर्यंत पोहोचेपर्यंत करण्यासारखं एकच : पहिल्या तपासणीला दोघांनी मिळून जायचं. शेतं दोन आहेत.

पुढच्या आठवड्यात : उष्णता, तंबाखू आणि शुक्राणू.