आधी वाटाणा, मग फॅक्टरी

मंडळी, ‘द सोशल नेटवर्क’ बघून तुमचीही झोप उडाली होती का? २०१० चा सिनेमा. हार्वर्डच्या होस्टेलची खोली, एक लॅपटॉप आणि २००४ साली सुरू झालेलं फेसबुक. बीडच्या आमच्या भाड्याच्या खोलीत तो बघून रूममेटनं त्याच रात्री ॲपचं नावसुद्धा ठरवलं. मेसमध्ये आज काय भाजी आहे, ते सांगणारं ॲप. सकाळी म्हणाला, "आईचं सोनं गहाण ठेवतो, मग बघ!"

त्याची आई दरवर्षी ऊसतोडीला जाते. सोनं म्हणजे कानातली फुलं आणि मंगळसूत्राच्या दोन वाट्या. मी काही बोललो नाही. रात्री त्याला परेश मोकाशींचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ लावून दिला. २००९ साली ऑस्करसाठी भारतातर्फे गेलेला सिनेमा. त्यातले दादासाहेब फाळके, म्हणजे नंदू माधव, आपल्या गेवराईचे आहेत म्हटल्यावर गडी सरसावून बसला.

तुम्ही म्हणाल, त्या जुन्या काळाचा आणि टेक कंपनीचा काय संबंध? अहो, तेव्हा फिल्म कॅमेरा हेच तर नवं तंत्रज्ञान होतं! चाळिशी गाठलेले फाळके विमा पॉलिसी गहाण ठेवून १९१२ मध्ये लंडनला गेले, विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. पण लगेच मोठा सिनेमा काढायला धावले नाहीत. आधी कुंडीत वाटाणा लावला, त्याचं रोज थोडं थोडं चित्रण केलं. महिनाभराची वाढ पडद्यावर मिनिटभरात! ही छोटी फिल्म दाखवूनच त्यांनी पैसे देणाऱ्यांचा विश्वास कमावला. आजच्या भाषेत हाच डेमो.

आणि ही फॅक्टरी घरातच उभी राहिली. सरस्वतीबाई फिल्मला भोकं पाडायला शिकल्या, रसायनांत हात घातले, शिवाय सगळ्या युनिटचा स्वयंपाक. त्यांचे दागिनेही यात गेले. विभावरी देशपांडेंनी ही बाई हसतमुख ठेवलीय, पण नीट बघा, फाळक्यांची पहिली भागीदार तीच आहे. ३ मे १९१३ ला मुंबईच्या कोरोनेशनमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला, त्यात तिच्या वाट्याचं भांडवल होतं.

सिनेमा यशावर संपतो. खरं आयुष्य पुढं चालूच राहिलं. नाशिकला भागीदारांसोबत कंपनी झाली, मतभेद झाले, फाळके बाहेर पडले, परत आले. १९४४ मध्ये गेले तेव्हा हाती फारसा पैसा नव्हता. फाउंडरवरच्या सिनेमांत हा भाग सहसा नसतो, म्हणून तो आपणच लक्षात ठेवायचा.

म्हणून दोस्तांनो, स्वप्न बघाच. फक्त घरच्यांकडं पैसे मागण्याआधी त्यांना दाखवायला आपला वाटाणा उगवलाय का, एवढं तपासा. आणि घरातून पैसा घेतलाच, तर देणाऱ्याला भागीदार म्हणा.

आमच्या गड्यानं सध्या तीन मेसवाल्या काकूंचा व्हॉट्सॲप ग्रुप केलाय. रोज सकाळी भाजीचं नाव येतं, पोरं जेवायला कुठं जायचं ते ठरवतात. ॲप अजून नाही. आईच्या कानातली फुलं मात्र कानातच आहेत.