वाट आणि वाटाड्या (भाग ६) : फेलफूट

ऑक्टोबर छाटणीला पंधरा-अठरा दिवस झाले की निफाडच्या बागांत फेलफूट काढायचे काम निघते. काडीवरचे डोळे फुटलेले असतात, पोपटी फुटी बोट-दीड बोट वाढलेल्या असतात आणि कोणत्या फुटीला घड आहे, कोणती नुसतीच वाढते आहे हे नजरेला कळू लागते. घड नसलेली आणि जागा अडवणारी ती फेलफूट. तिला कात्री लागत नाही. चिमटीत धरायची, बाजूला लववायची, टक् करून निघते. बायका ओळीने पुढे सरकतात आणि मागे मातीवर कोवळ्या पानांचा सडा पडत जातो.

गेल्या आठवड्यात मी मामांच्या बागेत याच कामाच्या वेळी पोहोचलो. खिशात नव्या कराराची छोटी प्रत होती. बांधावर बसून योहानाच्या शुभवर्तमानाचा पंधरावा अध्याय त्यांना सांगितला. त्यात येशू स्वतःला द्राक्षवेल म्हणवतो आणि पित्याला बागाईतदार. फळ न देणारी फांदी पिता काढून टाकतो, देणारी साफ करतो, म्हणजे तिला आणखी फळ येईल. मूळ ग्रीकमध्ये ‘काढणे’ आणि ‘साफ करणे’ ही दोन क्रियापदे, ऐरेई आणि काथैरेई, एका पाठोपाठ एक येतात आणि कानाला जुळी लागतात. मामा माळकरी, बायबलशी त्यांचा संबंध नाही. ऐकून म्हणाले, “या माणसानं बाग केलेली दिसते.”

“सुतार होते ते, मामा.”

“असू दे. शेजारी बागाईतदार असंल.”

एक फरक त्यांना सांगावा लागला. तिकडे हिवाळ्यात वेल झोपते, म्हणून वर्षातून एकदाच छाटणी. आपल्या उष्ण हवेत ती झोपतच नाही, म्हणून आपण दोनदा छाटतो : एप्रिलमधली खरड छाटणी काडी तयार करण्यासाठी, ऑक्टोबरमधली घडासाठी. येशूचा दाखला निफाडात सांगायचा झाला तर पित्याला कात्री दोनदा हातात घ्यावी लागेल.

या लेखमालेच्या पाच भागांत आपण लाओत्से आणि येशू यांची वचने शेजारी शेजारी ठेवून पाहत आलो. लाओत्सेच्या चिनी ‘ताओ ते चिंग’चे ८१ छोटे अध्याय आणि चार शुभवर्तमाने. साम्ये इतकी भराभर सापडली की मलाच संशय येऊ लागला. वैऱ्याशी भलेपणाने वागा, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायात आहे आणि लाओत्सेच्या त्रेसष्टाव्यातही. (हे चिनी माणसाला एका झटक्यात पटले असे समजू नका. कन्फ्यूशियसला कोणी हेच विचारले तेव्हा त्याने उलट प्रश्न केला की मग भलेपणाची परतफेड कशाने करायची? त्याच्या मते वैराला सरळपणाने उत्तर द्यावे. मला कन्फ्यूशियसचा हा व्यवहारीपणा आवडतो.) जो शेवटी उभा राहतो तो पुढे येतो, लेकरासारखे झाल्याशिवाय काही कळत नाही, मऊ ते टिकते आणि ताठ ते मोडते : ही यादी लांबवता येईल. पण याद्या लावून साम्य सिद्ध होत नाही. कोठे दोन्ही पोथ्या एकच दृश्य पाहतात आणि वेगळे बोलतात, तेथे खरी गंमत आहे. पाऊस हे तसे एक दृश्य.

येशू म्हणतो की पिता चांगल्यावरही पाऊस पाडतो आणि वाइटावरही, तर तुम्हीही माणसामाणसांत भेद करू नका. लाओत्सेच्या बत्तिसाव्या अध्यायात आकाश आणि धरती एकत्र आली की गोड दव पडते आणि कोणी हुकूम न देता ते सर्वांना सारखे मिळते. येथवर जमले. पण याच लाओत्सेचा पाचवा अध्याय पाहा. तेथे तो सांगतो की आकाश-धरतीला दयामाया नाही, त्यांच्या लेखी सगळी सृष्टी गवताच्या कुत्र्यांसारखी. जुन्या चीनमध्ये विधीसाठी गवताचे कुत्रे करीत, विधी होईपर्यंत त्यांना मान, विधी संपला की ते पायदळी. आपल्याकडे लग्न उरकल्यावर मुंडावळ्यांचे काय होते ते आठवा.

गालीलच्या मुलखात पाऊस म्हणजे देणगीच, त्यामुळे सर्वांवर पडणारा पाऊस पाहून येशूला बाप दिसला. निफाडच्या माणसाला फेब्रुवारी-मार्चमधला पाऊस विचारा. घडात साखर भरलेली असते, एका रात्रीच्या अवकाळीने मणी तडकतात, गारा आल्या तर तारांसकट मांडव झोपतो. तोही पाऊस सज्जन-दुर्जन पाहत नाही. ज्याचा माल परवा उतरायचा होता आणि ज्याने व्यापाऱ्याला फसवले होते, दोघांच्याही बागा सारख्याच जातात. त्या सकाळी बांधावर उभे असलेल्या माणसाला पाचवा अध्याय जवळचा वाटेल, असे मला वाटते. निःपक्षपातीपणा तोच, येशूला त्यात माया दिसते, लाओत्सेला त्यात कोणाचेच मन दिसत नाही. आणि तरी दोघेही त्यावरून तक्रार करायला शिकवत नाहीत.

दुसरे दृश्य पाण्याचेच, पण खालच्या अंगाचे. लाओत्सेला पाणी फार प्रिय. ते सगळ्यांच्या उपयोगी पडते, कोणाशी भांडत नाही, आणि लोक ज्या जागा टाळतात तेथे जाऊन बसते; समुद्र सगळ्या ओढ्यांचा राजा झाला तो सगळ्यांच्या खाली राहिला म्हणून. येशूने हे नुसते बोलून दाखवले नाही, करून दाखवले. शेवटच्या जेवणाच्या रात्री त्याने कमरेला टॉवेल बांधला, घंगाळात पाणी घेतले आणि शिष्यांचे पाय धुतले. पेत्राने आधी पाय मागे घेतला. त्याचा संकोच आपल्याला लगेच कळतो, कारण पाय धुण्याची रीत आपल्याकडे अजून जिवंत आहे. लग्नात मुलीचा बाप जावयाचे पाय धुतो, दारी आलेल्या वारकऱ्याचे पाय यजमान धुतो. धुणारा स्वतःला लहान मानतो, धुऊन घेणारा मोठा. येथे गुरूच वाकला. पाणी खाली गेले आणि वरची माणसे अवघडली.

आता थोडे वाटेबद्दल, कारण लेखमालेचे नावच ते. ताओ म्हणजे वाट. येशूनेही स्वतःला वाट म्हटले, आणि प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात पहिल्या ख्रिस्ती मंडळींना ‘त्या मार्गाचे’ लोक म्हटले आहे. चिनी भाषेत बायबल उतरवणाऱ्यांनी योहानाच्या पहिल्याच ओळीतल्या ‘लोगोस’ला ताओ हाच शब्द दिला. मराठी बायबलात तेथे ‘शब्द’ आहे. म्हणजे चिनी ख्रिस्ती माणूस शुभवर्तमान उघडतो आणि पहिल्या वाक्यात लाओत्सेला भेटतो. मराठी ख्रिस्ती माणसाला तेथे शब्दब्रह्म आठवण्याची सोय आहे.

ही अदलाबदल आजची नाही. इ. स. ६३५ मध्ये सीरियन परंपरेचा अलोपेन नावाचा ख्रिस्ती साधू तांग बादशहा ताइझोंगच्या दरबारी पोहोचला. त्या आगमनाची हकीकत सांगणारा ७८१ चा शिलालेख शीआनला आहे आणि त्यात ख्रिस्ती धर्म सांगताना ताओवाद्यांची भाषा सर्रास वापरली आहे. याच ताइझोंगने ६४७ च्या सुमारास आणखी एक काम सांगितले : लाओत्सेची पोथी संस्कृतात करून कामरूपच्या राजाला पाठवायची. काम आले बौद्ध भिक्षू ह्यूएनत्संगकडे. तोच ह्यूएनत्संग, जो काही वर्षांपूर्वी आपल्या महाराष्ट्रातून फिरून गेला होता आणि ज्याने पुलकेशीच्या राज्याचे वर्णन लिहून ठेवले. (पुलकेशीची ती राजधानी म्हणजे नाशिक असावे असे काही अभ्यासकांनी सुचवले होते, नाशिककरांनी यावर फार छाती फुगवू नये, वाद अजून आहे.) भाषांतराच्या बैठकीत ताओ पंडितांशी त्याचे जुंपले. त्यांना ताओसाठी ‘बोधी’ हवे होते, ह्यूएनत्संग ‘मार्ग’ सोडायला तयार नव्हता. बौद्धांचा मोठा शब्द दुसऱ्याच्या पोथीला लावून दोन्ही एकच असल्याचा भास करायचा नाही, हा त्याचा हट्ट. ते संस्कृत भाषांतर आज हाती नाही. पण तुलना करायला बसलेल्या प्रत्येकाने हा हट्ट लक्षात ठेवावा. मी तो अधूनमधून विसरतो.

निफाडला तरी या खटाटोपाचे नवल वाटू नये. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १८ जानेवारी १८४२ रोजी येथेच जन्मले. ते पुढे ज्या प्रार्थना समाजाचे आधारस्तंभ झाले, तो १८६७ मध्ये मुंबईत स्थापन झाला आणि त्याच्यावर सुरुवातीपासून एकच ठपका होता : हे ख्रिस्ती धर्माची नक्कल करतात. रानड्यांचे म्हणणे वेगळे. एकच देव, प्रेमाची भक्ती आणि जातीपातीपलीकडची माणुसकी आपल्या संतांकडेच आहे. मिशनऱ्यांचे पुस्तक वाचून आपल्या घरातले दिसू लागले तर त्यात लाजायचे काय? पण शेजारधर्म महागही पडतो. १८९० मध्ये पुण्याच्या पंच हौद मिशनमध्ये रानडे, लोकमान्य टिळक आणि इतर बऱ्याच मंडळींपुढे चहा आला. नावे वर्तमानपत्रात छापून आली, मोठे ग्रामण्य उभे राहिले आणि रानड्यांना शेवटी प्रायश्चित्त घ्यावे लागले. एक कप चहा. पोथ्यांची तुलना त्यामानाने स्वस्त आहे.

तर फेलफुटीकडे परत. सगळी साम्ये मोजून झाली की एका प्रश्नावर दोन्ही पोथ्या सरळ समोरासमोर उभ्या राहतात : फळ हवे की नको?

येशूला फळ हवे. द्राक्षवेल हवी ती फळासाठी. वाटेत पाने भरलेले पण फळ नसलेले अंजिराचे झाड दिसले तर तो त्याला शाप देतो. झाड फळावरून ओळखावे, हेही त्याचेच. दुसरीकडे लाओत्सेच्या परंपरेतला चुआंगत्से. त्याच्या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात एक सुतार शिष्यांना घेऊन एका प्रचंड झाडावरून जातो. हे झाड भूमिदेवतेच्या ठाण्यापाशी आहे, आपल्या देवराईतल्यासारखे. पाहायला जत्रा लोटलेली, पण सुतार मान वर करत नाही. लाकूड कुचकामी, म्हणतो. नाव केली तर बुडेल, खांब केला तर किडेल. रात्री झाड त्याच्या स्वप्नात येऊन त्याला फैलावर घेते. फळझाडांचे हाल पाहिलेस का, विचारते. फळ पिकले की ओरबाडतात, मोठ्या फांद्या मोडतात, बारक्या ओढतात. स्वतःच्या गुणामुळेच ती आयुष्य पुरे न करता मरतात. मी निरुपयोगी होण्याची खटपट कित्येक वर्षे करतो आहे.

द्राक्षाची बाग पंधरा-वीस वर्षांत थकते, मग मालक ती तोडून नवी लावतो. बांधावरची बाभूळ तशीच उभी असते. चुआंगत्सेला निफाड पटकन समजले असते.

निफाडपासून जवळच, कादवा जेथे गोदावरीला मिळते तेथे, नांदूरमधमेश्वरला विसाव्या शतकाच्या सुरुवातीस बांधलेला बंधारा आहे. बांधला शेतीच्या पाण्यासाठी. नद्यांनी वर्षानुवर्षे गाळ आणून टाकला, साठवण घटली, उथळ पाणी आणि मधेमधे बेटे उरली. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात हे नुकसानच. पण त्या गाळावर पाणवनस्पती वाढल्या, हिवाळ्यात दूरदेशीची बदके आणि रोहित उतरू लागले, आणि २०२० मध्ये ते महाराष्ट्राचे पहिले रामसर स्थळ म्हणून जाहीर झाले. पहाटे दुर्बीण घेऊन तेथे उभे राहिले की पक्ष्यांच्या कलकलाटात चुआंगत्से हसल्यासारखा वाटतो.

हे सगळे मी मामांना अर्धेमुर्धे सांगत होतो. ते ऐकत होते, हात मात्र काडीवर चालू. एका काडीवर घड नसलेली एक फूट त्यांनी तशीच ठेवली. मी म्हटले, “मामा, ही राहिली की.”

“ऱ्हाऊ दे. खालच्या घडाला सावली नको का? उन्हानं मणी भाजतात. सगळ्याच काढल्या तर घड पोसायला पानं कुठून आणायची?”

मला एकदम लूकच्या तेराव्या अध्यायातला दाखला आठवला. तेथेही अंजिराचे झाडच आहे. मालक तीन वर्षे फळ शोधत येतो, काही मिळत नाही, तोडून टाक म्हणतो, उगाच जमीन अडवते. माळी म्हणतो, धनी, यंदा राहू द्या; मी भोवतीने आळे खणतो, खत घालतो, पुढच्या वर्षी लागले तर ठीक, नाही तर तोडा. शापाची गोष्ट आणि ही गोष्ट एकाच येशूच्या नावावर आहेत. आणि पुढच्या वर्षी त्या झाडाचे काय झाले, ते लूकने लिहिलेले नाही.

मामांना दाखला सांगितला. त्यांनी क्षणभर हात थांबवला.

“तीन वर्षं मालक नुसता बघायला येत होता व्हय? मग खत आधी कुणी घालायचं होतं?”

(पुढील भागात : चुआंगत्सेचा मोट नाकारणारा माळी आणि रानपाखरांचे येशूचे वचन.)