आर्चीची खुर्ची

दिवाळीच्या आवराआवरीत मोडकी खुर्ची दिसली, की आपण लगेच भंगारवाल्याला हाक मारतो. पण मैत्रिणींनो, आधी अमेरिकेतल्या एका खुर्चीची गोष्ट ऐका.

१९७१ साली तिथल्या टेलिव्हिजनवर ‘ऑल इन द फॅमिली’ ही मालिका सुरू झाली. तिच्यातला घरधनी आर्ची बंकर मोठा हेकेखोर. आपल्या खुर्चीत दुसऱ्या कुणाला टेकू म्हणून द्यायचा नाही! शेजारी बायकोची, ईडिथची खुर्ची. दोन्ही जुन्या सामानाच्या दुकानातून थोडक्या डॉलरांत आणलेल्या.

मालिका संपली, की सहसा नेपथ्य मोडतात, सामान विकतात नाहीतर टाकून देतात. १९७८ मध्ये ही मालिका संपणार असं वाटलं, तेव्हा निर्मात्यांनी या खुर्च्या मात्र वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयाला दिल्या. आणि गंमत बघा, मालिका पुढे चालूच राहिली! मग हुबेहूब तशाच खुर्च्या नव्यानं करवून घ्याव्या लागल्या. त्यांना हजारो डॉलर पडले!

त्या खुर्च्यांवर ना नक्षी, ना भारी लाकूड. मोल आलं ते बसणाऱ्यांमुळे. घरातलं सगळंच काही ठेवता येत नाही, जागा कुठं असते? पण तराजूत घालण्यापूर्वी क्षणभर आठवावं, हिच्यात कोण बसायचं?